श्वासाने हवेत काय बदलते?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



समितीने आम्हाला विज्ञानाच्या एखाद्या विषयावर बोला असे सांगितले. आम्ही काही प्राध्यापक नाही. सूतगिरणीत रिंग खात्यात आयुष्य गेले, जे काही शिकलो ते रात्रशाळेत आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा मोठ्या विषयाच्या नादी न लागता, या घटकेला इथे बसलेला प्रत्येकजण जे करतो आहे त्याविषयीच बोलायचे ठरवले. ते म्हणजे श्वास. विहारात आपण आनापान करतो, येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष देतो. त्या येणाऱ्या श्वासात काय असते, जाणाऱ्यात काय असते, आणि हा फरक न कळल्यामुळे माणसे कशी मरतात, एवढेच सांगायचे आहे.

प्रथम हवा म्हणजे काय ते पाहू. कोरड्या हवेचे शंभर भाग केले तर ७८ भाग नायट्रोजन म्हणजे नत्रवायू, जवळजवळ २१ भाग ऑक्सिजन म्हणजे प्राणवायू, आणि एका भागाला थोडा कमी असा आरगॉन नावाचा वायू. झाले शंभर. मग कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, कुठे गेला? तो दहा हजारांत चार भाग. म्हणजे दहा हजार माणसांच्या सभेत चार माणसे, इतका थोडा. शिवाय पाण्याची वाफ असते, ती कोकणात जास्त आणि उन्हाळ्यात आपल्याकडे कमी, तिचे माप ठरलेले नाही.

आरगॉनची गंमत सांगतो. तो सापडला १८९४ साली, रॅले आणि रॅम्झे या दोघा शास्त्रज्ञांना. तोवर कोट्यवधी माणसे तो रोज छातीत घेत होती आणि बाहेर टाकत होती, कुणाला पत्ता नव्हता. कारण तो शरीरात काहीच करीत नाही. जसा गेला तसा परत येतो. आज या सभागृहात जो आरगॉन आहे तो आपल्या आधी किती जणांच्या छातीतून जाऊन आला असेल याचा हिशेब नाही. राजाच्या, भिकाऱ्याच्या, शिवू नका म्हणणाऱ्याच्या आणि ज्याला शिवू दिले नाही त्याच्या. पाण्याचे तळे अडवता आले, १९२७ साली महाडला त्यासाठी लढावे लागले. हवा अडवणे कुणाला जमले नाही, नाहीतर तीही अडवली असती.

आता श्वासाचा हिशेब. शांत बसलेला मोठा माणूस एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा घेतो. मिनिटाला पंधरा श्वास धरले तर साडेसात लिटर, आणि दिवसाला दहा-अकरा हजार लिटर. पाण्याचे दोनशे लिटरचे पिंप असते ना, तशी पन्नासच्या वर पिंपे. वजन केले तर बारा-तेरा किलो हवा. इतके अन्न तर पैलवानसुद्धा खात नाही.

ही हवा छातीत जाते कुठे? फुफ्फुसांत बारीक बारीक फुगे आहेत, तीस कोटींच्या वर. त्यांना वायुकोश म्हणतात. ते सगळे उलगडून पसरले तर सातशे चौरस फुटांच्या आसपास जागा व्यापतील. आपल्या खोल्या दीडशे फुटांच्या, पण छातीत मात्र सातशे फूट घेऊन आपण हिंडतो! त्या पातळ पडद्याच्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला रक्त. तिथे देवाणघेवाण होते. ऑक्सिजन रक्तात जातो, कर्बवायू रक्तातून बाहेर येतो.

आणि इथे आपल्या शाळेतला एक गैरसमज आहे. पुष्कळांना वाटते की आपण ऑक्सिजन आत घेतो आणि कर्बवायू बाहेर टाकतो, म्हणजे बाहेर पडलेल्या श्वासात ऑक्सिजन नसतोच, सगळा कर्बवायूच असतो. हे खरे नाही. आत जाताना ऑक्सिजन २१ भाग असतो, बाहेर येताना १६ भाग असतो. म्हणजे चौथाईच वापरला, तीन हिस्से परत आले. कर्बवायू आत जाताना दहा हजारांत चार, बाहेर येताना शंभरात चार. शंभर पट! नायट्रोजन होता तितका राहिला. वाफ मात्र भरपूर वाढली, म्हणून आरशावर श्वास सोडला की आरसा धूसर होतो. बदल एवढाच आहे. बुडालेल्या माणसाला वर काढल्यावर तोंडाने श्वास देतात, तो याच कारणाने उपयोगी पडतो. आपल्या उष्ट्या श्वासातले ते १६ भाग त्याला जगवायला पुरेसे असतात.

हे कुणी शोधले? १७७१ साली इंग्लंडात प्रीस्टली नावाच्या धर्मोपदेशकाने बंद काचपात्रात मेणबत्ती विझू दिली, त्यात पुदिन्याचे रोप ठेवले, आणि काही दिवसांनी पाहिले तर त्या हवेत मेणबत्ती पुन्हा जळू लागली. १७७४ साली त्यानेच भिंगाने उन्हाची आच देऊन पाऱ्याच्या लाल भस्मातून तो वायू वेगळा काढला. पण त्याचा अर्थ नीट लावला तो फ्रान्सच्या लाव्हाझिएने. त्याने गिनीपिग नावाचा प्राणी बर्फाच्या मधोमध ठेवला, त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळला ते मोजले, त्याने किती कर्बवायू सोडला तेही मोजले, आणि सांगितले की श्वास म्हणजे मंदपणे जळणे आहे. चुलीत कोळसा जळतो, शरीरात अन्न जळते. पुढे १७९०च्या सुमारास त्याने सेगँ नावाच्या सहकाऱ्याला तोंडावर मुखवटा बांधून वजन उचलायला लावले आणि दाखवून दिले की श्रम करताना ऑक्सिजन कितीतरी जास्त लागतो. तिथे त्याने एक प्रश्न लिहून ठेवला आहे. जो गरीब माणूस अंगमेहनत करतो, त्याचे शरीर श्रीमंतापेक्षा जास्त जळते, मग त्यालाच खायला कमी का? हा लाव्हाझिए स्वतः सरकारी करवसुलीच्या मक्त्यात भागीदार होता, आणि त्याच कारणावरून १७९४ साली क्रांतीच्या काळात त्याचे मुंडके उडवले. असो. प्रश्न मात्र त्याने बरोबर विचारला होता.

आता खोलीकडे येऊ. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशी खोली धरा. तिच्यात साधारण २८ हजार लिटर हवा मावते. पाच माणसे झोपली, दार-खिडकी बंद, आणि फटीसुद्धा बुजवल्या असे समजा. एक माणूस तासाला बारा लिटरच्या आसपास कर्बवायू सोडतो. पाच जणांचे साठ लिटर. आठ तासांत ४८०. म्हणजे सकाळी कर्बवायू पावणेदोन टक्क्यांच्या जवळ. ऑक्सिजन २१ वरून १९ च्या थोडा खाली. माणसे मरतील का? नाही. पण उठताना डोके जड, अंग मोडल्यासारखे, पोर शाळेत पेंगणार. मग आपण म्हणतो नजर लागली. नजर नाही लागली, खिडकी लागली होती!

खऱ्या खोलीत फटी असतात म्हणून एवढे होत नाही. पण दुसरी गोष्ट होते, ती जास्त महत्त्वाची. कर्बवायू वाढला याचा अर्थ आपण एकमेकांनी सोडलेली हवाच परत घेतो आहोत. समजा बंद खोलीत कर्बवायू दहा हजारांत वीस झाला. बाहेरून आलेले चार वजा केले तर सोळा उरले, ते आपले. श्वासात असतात दहा हजारांत चारशे. भागाकार करा, पंचविसावा हिस्सा आला. म्हणजे तुमच्या दर पंचवीस श्वासांतला एक श्वास दुसऱ्याच्या छातीतून आलेला आहे. त्या दुसऱ्याला क्षय असेल तर? क्षयाचे जंतू खोकल्यातून, बोलण्यातून बारीक थेंबांवर बसून हवेत तरंगत राहतात. २०२० साली करोना आला तेव्हा हीच गोष्ट साऱ्या जगाला नव्याने शिकावी लागली. खरे तर जर्मनीच्या पेटेनकोफरने १८५८ सालीच सांगून ठेवले होते की राहत्या खोलीत कर्बवायू दहा हजारांत दहाच्या वर जाऊ देऊ नये. त्याला काही कर्बवायूची भीती नव्हती. खोलीत माणसांचा श्वास किती साचला हे मोजण्याचे ते माप होते.

म्हणून माता-भगिनींना सांगणे आहे, रात्री एक खिडकी उघडी राहू द्या. समोरासमोर दोन जागा उघड्या असल्या तर फार उत्तम, एकीतून हवा येते, दुसरीतून जाते. थंडी असेल तर दाराच्या वरची झडप उघडा आणि पोराला चादर जास्त घाला. घरात क्षयाचा पेशंट असेल तर गोळ्या पुऱ्या करायच्याच, पण त्याला कोपऱ्यातल्या अंधाऱ्या जागेत ढकलू नका, खिडकीजवळ जागा द्या. आम्हा गिरणीवाल्यांना बंद खिडकीची किंमत माहीत आहे. धागा तुटू नये म्हणून खात्यात दमट हवा ठेवतात, खिडक्या बंद, आणि रुईचे तंतू हवेत. कार्डिंग आणि ब्लो-रूममधल्या माणसांची छाती सुट्टीनंतर सोमवारी कामावर आले की आवळते. त्या रोगाला बिसिनोसिस असे नाव आहे. धागा तुटू नये याची काळजी सगळे घेतात, पण छातीचा धागा कुणी मोजत नाही.

काहीजण विचारतात, करोनात, २०२१ साली, हवेत तर २१ टक्के ऑक्सिजन होताच, मग सिलिंडरसाठी रांगा का लागल्या? हवेतला ऑक्सिजन कमी झाला नव्हता. ते वायुकोश सुजून पाण्याने भरले होते, पडद्यातून ऑक्सिजन रक्तात जात नव्हता. म्हणून २१ च्या ऐवजी पन्नास, साठ, नव्वद टक्के द्यावा लागला.

आपल्या आवारातल्या बोधिवृक्षाबद्दलही दोन शब्द. काही लोक सांगतात की पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन सोडतो. दुसरे म्हणतात रात्री त्याच्याखाली झोपला तर गुदमरून मरतो. दोन्ही खोटे. ऑक्सिजन तयार करायला पानाला उजेड लागतो. अंधारात कुठलेच झाड तो करू शकत नाही, पिंपळही नाही. रात्री झाडेसुद्धा आपल्यासारखीच थोडा कर्बवायू सोडतात, पण उघड्यावर तो वाऱ्याने पसरून जातो. पिंपळ आपल्याला प्रिय आहे त्याला दुसरी कारणे आहेत, त्याच्या नावावर खोटे विज्ञान खपवण्याची गरज नाही.

आता मुख्य मुद्दा. आमची सगळी बडबड यासाठी होती.

श्वास कोंडला की जीव कासावीस होतो. हे कशामुळे? आपल्याला वाटते ऑक्सिजन कमी पडला म्हणून. नाही. ती घंटा वाजते ती मुख्यतः रक्तात कर्बवायू साठला म्हणून. शरीरातला पहारेकरी कर्बवायू ओळखतो, ऑक्सिजनची कमतरता त्याला नीट ओळखता येत नाही. म्हणून विहिरीत, खदानीत बुडी मारायची पैज लावणारी पोरे आधी जोरजोरात दहा-वीस श्वास घेतात. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कर्बवायू मात्र धुऊन निघतो. मग पाण्याखाली घंटा वाजायच्या आतच शुद्ध जाते आणि पट्टीचा पोहणारा बुडतो. बालमित्रांनो, हे ध्यानात ठेवा.

हीच गोष्ट बंद टाकीत होते. एखाद्या हवेत ऑक्सिजन दहा टक्क्यांच्या खाली असला आणि कर्बवायू साठलेला नसला, तर माणूस न गुदमरता, न ओरडता खाली पडतो. त्याला कळतसुद्धा नाही. गटारात आणि सेप्टिक टाकीत मैला कुजतो तेव्हा जंतू आधी तिथला ऑक्सिजन खाऊन टाकतात, आणि त्यातून मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड असे वायू निघतात. हायड्रोजन सल्फाइड म्हणजे सडक्या अंड्याचा वास. थोडा असला तर घाण वास येतो. जास्त झाला, दहा लाखांत शंभर भागांच्या पुढे, की नाकच बधिर होते. वास येईनासा होतो आणि माणूस म्हणतो, चला, हवा साफ झाली. त्याहून वाढला, सातशे-हजार भाग, की एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. तो हवेपेक्षा जड, तळाशी बसतो, मैला ढवळला की बुडबुड्यांतून एकदम उसळतो. म्हणून झाकण उघडून ठेवले, अर्धा तास थांबलो, एवढ्याने भागत नाही. शिवाय खाली उतरलेला माणूस फावडे मारतो, तेव्हा तो बसलेल्या माणसाच्या चार-पाच पट हवा छातीत ओढत असतो.

जुने लोक विहिरीत कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर उतरत नसत. विहिरीपुरती ती युक्ती बरी होती, कारण ऑक्सिजन सोळा-सतरा टक्क्यांवर आला की ज्योत विझते आणि माणसाला तेवढ्यात मरण येत नाही. पण गटारावर हे करू नका. ज्योतीला विषारी वायू कळत नाही, ती जळत राहील आणि माणूस मरेल. आणि मिथेन असला तर भडका उडेल.

गेल्या पावसाळ्यात एका सोसायटीची टाकी तुंबली म्हणून एक ठेकेदार आपल्या वस्तीत माणसे शोधत आला होता. दुसरीकडे का गेला नाही, हे तुम्ही आम्ही सगळे जाणतो. हजार-हजार रुपये देतो म्हणाला. तीन पोरे निघाली. आम्ही आडवे गेलो तर त्यातला एक म्हणतो, "काका, दहा मिनिटांचं काम आहे, तोंडाला रुमाल बांधतो, क्वार्टर मारली की वास येत नाही." आम्ही त्याला म्हटले, "बाळा, रुमालाने धूळ अडते, वायू अडत नाही. आणि वास येत नाही हीच तर मरणाची खूण आहे." पोरे थांबली. ठेकेदार आम्हाला बोलून गेला, की तुम्ही लोकांच्या पोटावर पाय देता. दोन दिवसांनी त्याच सोसायटीत सक्शनची गाडी आली आणि काम झाले. म्हणजे गाडी मिळत होती. गाडीचे भाडे माणसापेक्षा महाग होते, एवढेच.

कायदा काय म्हणतो ते पाठ करून ठेवा. मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध पहिला कायदा १९९३ चा. दुसरा २०१३ चा, त्यात सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवणे हा गुन्हा आहे, कैद आणि दंड दोन्ही होऊ शकतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूला दहा लाख भरपाई ठरवली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. कुणी 'अपघात झाला, हे घ्या पन्नास हजार' म्हणाला तर सही करू नका, आमच्याकडे या.

आणि एक. एकजण खाली पडला की वरचा भाऊ, मित्र त्याला काढायला धावतो, तोही पडतो, मग तिसरा. एकाच टाकीत तीन-तीन, चार-चार प्रेते निघतात ती अशी. मन किती तुटले तरी उतरायचे नाही. वरून आरडाओरड करा, १०१ ला अग्निशामक दलाला फोन करा, त्यांच्याकडे पाठीवर हवेची टाकी असते. आधीच दोर बांधलेला असेल तर वरूनच ओढा.

घरातही एक असाच चोर आहे. थंडीत शेगडीत कोळसे पेटवून दार लावून झोपणे, किंवा बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू ठेवून अंघोळ करणे. हवा अपुरी पडली की कोळसा आणि गॅस अर्धवट जळतात आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्ताला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. माणूस झोपेतच जातो. बोटाला लावतो ते ऑक्सिमीटरसुद्धा इथे फसते, आकडा चांगला दाखवते. डोके दुखून उलटीसारखे झाले तर आधी दार उघडून बाहेर या. गिझर न्हाणीघराच्या बाहेर बसवून घ्या.

आता मुलांसाठी. मागच्या टेबलावर आम्ही चुन्याची निवळी काढून ठेवली आहे. पानाचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवला आणि वरचे नितळ पाणी अलगद ओतून घेतले, बाकी काही नाही. एका बाटलीत पंपाने साधी हवा सोडायची, दुसरीत नळीने श्वास फुंकायचा. पहिली बराच वेळ तशीच राहील, दुसरी बघता बघता दुधासारखी पांढरी होईल. ते दूध नाही, खडू आहे. श्वासातला कर्बवायू आणि चुना मिळून तो झाला. विहाराच्या मागच्या भिंतीला आपण चुना लावला, तो वाळून कडक झाला तोही असाच, हवेतला कर्बवायू पिऊन. खूप वेळ फुंकत राहिलात तर पांढरे पाणी पुन्हा नितळ होते, ते का, हे ज्याला सांगता येईल त्याला आमच्याकडून एक वही.

मुलांनी रांगेत यावे, नळीतून फुंकायचे, ओढायचे नाही. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका, मोठ्या ताईजवळ उभे राहा. आणि तोवर कुणीतरी त्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडा, आपण शंभर माणसे तासभर इथे बसलो आहोत.

जयभीम.